अल्बिनो जोडीच्या नावाखाली झालेली फसवणूक

लेपर्ड गेकोंची (पाळल्या जाणाऱ्या ठिपकेदार पालींची) घरी पैदास करणाऱ्यांना विक्रेते कोणत्या मार्गाने फसवतात, याचा मला आलेला अनुभव इतरांना उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी ट्रेम्पर अल्बिनो (काळे रंगद्रव्य नसलेल्या गेकोंचा एक प्रकार) म्हणून विकले जाणारे नर आणि मादी एकाच विक्रेत्याकडून घेतले. दोन्ही प्राणी निरोगी होते, शेपट्या भरलेल्या होत्या आणि नराच्या गुदद्वारापुढील छिद्रांची उलट्या व्हीसारखी रांगही स्पष्ट दिसत होती. म्हणजे डोळ्यांना तपासता येईल ते सर्व बरोबर होते. खोटे होते ते केवळ वंशाविषयीचे विधान.

लेपर्ड गेकोंमध्ये ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर असे अल्बिनोचे तीन वेगवेगळे प्रकार असून त्यांची जनुके परस्परांशी जुळत नाहीत. हे गुण अप्रभावी (म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आले तरच दिसणारे) असल्यामुळे एकाच प्रकारच्या दोन अल्बिनोंची सर्व पिल्ले अल्बिनोच निपजतात, परंतु ट्रेम्पर आणि बेल यांची जोडी लावली तर सर्व पिल्ले काळ्या ठिपक्यांची, सामान्य रंगाची होतात. माझ्याकडे नेमके हेच घडले. मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, त्यामुळे पहिल्या खेपेवरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटले. पण त्या हंगामातील प्रत्येक पिल्लू तसेच निघाले.

विक्रेत्याने सांगितले की, इनक्युबेटरचे तापमान कमी राहिल्याने पिल्ले काळवंडली. अशा थापा बेमालूम वठतात, कारण त्यांत थोडे तथ्य असते. कमी तापमानात उबवलेले अल्बिनो खरोखरच गडद तपकिरी होतात आणि पिल्लांचे लिंगही तापमानावर ठरते (सुमारे 27 अंश सेल्सिअसला बहुतांश माद्या होतात), तथापि अल्बिनोच्या अंगावर काळे रंगद्रव्य तापमानामुळे निर्माण होत नाही. मग त्याने मादी आधीच दुसऱ्या नराकडून फळली असावी, असे सुचवले. माद्या शुक्राणू काही काळ साठवून ठेवतात हे खरे आहे, परंतु ही मादी नराजवळ कधीच सोडलेली नाही, असे त्यानेच विकताना लेखी कळवले होते.

अखेर एका अनुभवी परिचिताकडील, वंशाच्या नोंदी असलेल्या बेल मादीशी माझ्या नराची जोडी लावली. तिची सर्व पिल्ले अल्बिनो निघाली आणि नर बेल असल्याचे सिद्ध झाले. हा पुरावा पाठवल्यावर विक्रेत्याने उत्तरे देणे बंद केले. पैसे परत मिळाले नाहीत.

नुकसान पैशांपुरते मर्यादित नाही. माझ्या जोडीची ही पिल्ले दोन्ही प्रकारांची वाहक आहेत, म्हणजे ती जनुके त्यांच्यात आहेत पण रंगात दिसत नाहीत. त्यांची आपसात जोडी लावली तर सरासरी 16 पैकी 7 पिल्ले अल्बिनो होतील, पण त्यांपैकी कोणते कोणत्या प्रकारचे, हे केवळ पाहून खात्रीने सांगता येणार नाही आणि तोच घोळ पुढच्या घरी जाईल. म्हणून अल्बिनो घेताना आईवडिलांची छायाचित्रे, आधीच्या पिल्लांच्या नोंदी आणि प्रकाराचे नाव लेखी मागावे, आणि ‘डोळ्यांच्या रंगावरून कळते’ असे सांगणाऱ्याकडे अधिक चौकशी करावी. माझी पिल्ले मी पैदाशीसाठी कोणालाही दिलेली नाहीत; ज्यांना केवळ पाळायची होती, त्यांना हा मिश्र वंश लेखी कळवूनच दिली आहेत.