ईपानेटवरून सेन्सरच्या जागा ठरवल्या, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

पाण्याच्या लाइनवर प्रेशर सेन्सर कुठे बसवायचे हे ईपानेट या पाइपांच्या जाळ्याचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरवरून ठरवलं त्याला नऊ महिने झाले, म्हणून लिहितोय. सॉफ्टवेअर फुकट आहे, अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं, 1993 पासून आहे, आणि 2020 मधल्या 2.2 व्हर्जनला प्रेशर पडलं की पाणीही कमी मिळतं असं धरायची सोय आली, ती खूप कामाची आहे. पण जागा ते स्वतःहून सुचवत नाही. आम्ही मॉडेलमध्ये एकेका नोडला (पाइप जुळतात तो बिंदू) एमिटर (प्रेशरप्रमाणे पाणी बाहेर सोडणारी सोय) लावून गळती दाखवायचो, बाकी नोडवर प्रेशर किती पडलं ते तक्त्यात लिहायचो, मग सगळ्यात जास्त गळत्या पकडणारा नोड पहिला, त्याच्याकडून सुटलेल्यांपैकी जास्त पकडणारा दुसरा, असं करत गेलो.

आधी अंदाजाने दोन बसवले होते, एक टाकीच्या आउटलेटला, एक पीआरव्हीच्या (प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) लगेच पुढे, कारण चेंबर तिथे तयार होते. दोन्ही वाया गेले. टाकीजवळचं प्रेशर टाकीतल्या लेव्हलवर चालतं आणि पीआरव्ही पुढचं प्रेशर धरूनच ठेवतो, मग लांब कुठे गळती झाली तरी ग्राफवर रेष सरळच. मॉडेलने लांबच्या फांद्यांवरचे नोड दिले आणि ते बरोबर निघाले.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते उंचीने. एक सेन्सर सतत मॉडेलपेक्षा जास्त प्रेशर दाखवायचा, आम्ही आठवडाभर पाइपचा सी (पाइप आतून किती गुळगुळीत त्याचा आकडा) बदलत बसलो, शेवटी झाकण उघडून टेप सोडली तर सेन्सर रस्त्यापासून पावणेदोन मीटर खाली आणि मॉडेलमध्ये उंची रस्त्याची! प्रेशर आम्ही पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजतो, फरक बरोब्बर तेवढाच होता. हे पहिल्याच दिवशी मोजा, खरंच.

फायदा कधी झाला, तर एका पहाटे दोन ते चारच्या दरम्यान एका सेन्सरचं प्रेशर तीन मीटरने पडलं, दुसऱ्याचं जेमतेम एक, तिसऱ्याचं हललंच नाही, आणि तक्त्यात हा असा पॅटर्न एकाच फांदीचा होता. तिथेच खणलं, कपलिंग सुटलेलं. तिन्हींचं प्रेशर सारखंच पडलं असतं तर गळती आहे एवढंच कळलं असतं, कुठे ते नाही, म्हणून निवडताना हेही बघा.

बारीक गळती मात्र अशी सापडत नाही, रात्री लाइनमधला फ्लोच कमी, त्यात हेडलॉस (वाहताना घर्षणाने कमी होणारं प्रेशर) नावापुरता. त्यासाठी झोनच्या इनलेटच्या फ्लो मीटरवर रात्रीचा आकडा बघतो. आणि अर्धवट बंद राहिलेला एक व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये नव्हता, तो सापडल्यावर त्या बाजूचा सगळा तक्ता नव्याने काढला, आता तिथला एक सेन्सर दोन नोड पुढे हलवतोय.