टेलस्केल: सांगलीचा कॉम्प्युटर पुण्यात बसून चालवतोय, आठ महिन्यांचा अनुभव

टेलस्केल म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची आपली मशीन्स इंटरनेटवरून एका खासगी जाळ्यात (व्हीपीएनमध्ये) जोडणारं अ‍ॅप, त्यावर कसा आलो ते सांगतो. घर सांगलीला, मी पुण्यात. घरी बाबांचा डेस्कटॉप आहे, त्यावर सोसायटीचे सगळे हिशोब (बाबा खजिनदार आहेत), आईचे स्कॅन केलेले रिपोर्ट, वीस वर्षांचे फोटो. आणि आठवड्यातनं दोनदा तरी फोन येणारच, "अरे ते एक्सेलमधलं पान कुठं गेलं बघ जरा". आधी एक स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप वापरायचो, बाबा फोनवर नंबर वाचून दाखवणार, मी टाकणार, मग ते अ‍ॅक्सेप्ट दाबणार. पण असे नंबर फोनवर कुणाला सांगायची सवय बाबांना लागावी हेच मला नको होतं. अशा अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं, आणि लोक अजून फसतायत. म्हणून म्हटलं घरच्या राउटरमधूनच आपला कायमचा रस्ता करू.

तर पहिले दोन शनिवार पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरनं घरातल्या ठरावीक मशीनकडे वळवणं) गेले. राउटरच्या पेजवर व्हर्च्युअल सर्व्हर नावाचं पान असतं, तिथं ३३८९ नंबरचा पोर्ट (विंडोजचं रिमोट डेस्कटॉप यावर चालतं) बाबांच्या कॉम्प्युटरकडे वळवला, कॉम्प्युटरला फिक्स आयपी दिला, फायरवॉल बघितली, डीडीएनएसपण (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सोय) लावलं, तरी बाहेरून कनेक्टच होईना. कस्टमर केअर म्हणे राउटर रिस्टार्ट करा. शेवटी राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता) बघितला तर १०० ने सुरू होणारा, आणि ब्राउझरमध्ये माझा आयपी काय म्हणून शोधलं तर दुसराच. हे दोन वेगळे दिसले की तिथंच थांबा, हे सीजीनॅट आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते यासाठीच राखून ठेवलेत.

म्हणजे काय, तर एका मोठ्या बिल्डिंगला पत्ता एकच, आत शेकडो फ्लॅट, आणि मेन गेटची किल्ली इंटरनेट कंपनीकडे. तुम्ही तुमच्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवलंत तरी बाहेरचा माणूस गेटवरनंच परत जाणार. आयपीव्ही४ चे (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते आशिया-पॅसिफिकमध्ये २०११ च्या एप्रिललाच संपत आले, तेव्हापासून नवीन ग्राहकाला स्वतंत्र पत्ता देणं कंपन्यांना परवडत नाही, म्हणून हा प्रकार. स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त आपला पत्ता) पाहिजे तर महिन्याला दोनशेच्या आसपास जादा असं आमच्या ऑपरेटरनं सांगितलं.

आणि स्टॅटिक आयपी मिळाला तरी ३३८९ उघडा टाकू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. पुण्याच्या आधीच्या फ्लॅटवर मला पब्लिक आयपी होता, तिथं मी हा उद्योग केला होता. दोन दिवसांनी सहज इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला तर ४६२५ नंबरच्या नोंदी (चुकीच्या लॉगिनच्या) हजारोंनी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर अशी नावं टाकून कुणीतरी सारखं दार ठोठावत होतं. पोर्ट नंबर बदलला की शांत होतं असं सांगतात, थोडे दिवस होतं पण, मग परत चालू. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची भानगड बाहेर आली तेव्हा पासवर्ड न टाकताच आत शिरता येईल असं निघालं, मायक्रोसॉफ्टनं कधीच बंद केलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला, एवढं ते गंभीर होतं. सोसायटीचे लोकांचे पैसे ज्या मशीनवर मांडलेत ते मशीन असं उघड्यावर? नाही.

मग दिवाळीला घरी गेलो तेव्हा टेलस्केल टाकलं. बाबांच्या कॉम्प्युटरवर, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या फोनवर, तिन्हीकडे एकाच गूगल अकाउंटनं लॉगिन, झालं, पंधरा मिनिटं. राउटरला हातसुद्धा लावावा लागला नाही. याचं कारण असं की दोन्हीकडची मशीन्स आतून बाहेर जातात, बाहेरून आत कुणी येत नाही, आणि आतून जायला सीजीनॅट अडवत नाही. मधली व्यवस्था फक्त दोघांची गाठ घालून देते, पुढचं बोलणं शक्य असेल तर थेट होतं, वायरगार्ड नावाच्या व्हीपीएन पद्धतीनं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊन. थेट जमलं नाही तर रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातं, तेपण एन्क्रिप्टेडच. माझं बहुतेक वेळा थेट लागतं, पंचवीस-तीस मिलिसेकंद, माउस हलवताना कळतही नाही. रिलेवर गेलं की मात्र जाणवतं, टाइप केलेलं अक्षर मागून येतं, फोटोंचं फोल्डर वगैरे तेव्हा उघडायचंच नाही.

घरच्या मशीनवर दोन गोष्टी करायच्याच. एक, सेटिंगमध्ये रन अनअटेंडेड चालू करायचं, नाहीतर विंडोजला कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही. दुसरं, अ‍ॅडमिन पेजवर त्या मशीनची की एक्स्पायरी (ठरावीक मुदतीनं परत लॉगिन मागणं) बंद करायची. ती १८० दिवसांची असते, सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच आहे, पण जिथं परत लॉगिन करायला कुणी नाही त्या मशीनला नको.

आता टेलस्केल फक्त रस्ता देतं, गाडी आपली आपण आणायची. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप सगळ्यात गुळगुळीत चालतं, पण होम एडिशनवर बाहेरून जोडता येत नाही, प्रो लागतं. आणि आमच्यासाठी मोठी अडचण म्हणजे मी आत शिरलो की तिकडची स्क्रीन लॉक होते, बाबांना काही दिसतच नाही. मला तर त्यांना दाखवायचं असतं की हे बघा बाबा, पान उडालं नाही, खालचा टॅब हाइड झालाय. म्हणून रस्टडेस्क हे स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकलं, ओपन सोर्स आहे, डायरेक्ट आयपी अ‍ॅक्सेस चालू करून त्यात टेलस्केलचा पत्ता टाकतो, दोघांना एकच स्क्रीन दिसते. बाबा आता स्वतःच म्हणतात, "थांब, तू हात लावू नको, मी करतो". एवढ्यासाठी मी या सेटअपला पैकीच्या पैकी देईन.

लाइट जाण्याचं मात्र बघावं लागलं. सांगलीत पावसाळ्यात लाइट गेली की मशीन बंद, आणि आली तरी बंदच. त्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) एसी पॉवर लॉसचा ऑप्शन पॉवर ऑनवर ठेवला, राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला. शिवाय घरी जुना रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) पडून होता त्यावरही टेलस्केल टाकलं, तो सतत चालू असतो आणि बाबांनी मशीन बंद करून ठेवलं असलं तरी त्याच्यावरून वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करायचा सिग्नल) पाठवून ते उठवता येतं. उठवायच्या मशीनला केबलचं कनेक्शन लागतं, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केल्याशिवाय आमचं मशीन काही उठत नव्हतं, यात माझा अख्खा रविवार गेला. त्या रास्पबेरी पायलाच सबनेट राउटर (घरच्या बाकीच्या उपकरणांपर्यंतचा रस्ता) केलं म्हणजे घरचा प्रिंटरपण इथून दिसतो. फक्त दोन्ही घरी १९२.१६८.१ चंच नेटवर्क होतं, लॅपटॉप पुण्यातलाच प्रिंटर शोधत बसायचा, शेवटी सांगलीचं १९२.१६८.५० केलं.

न आवडलेलं: सगळी किल्ली गूगल अकाउंटच्या हातात, त्यामुळे त्याला टू स्टेप व्हेरिफिकेशन नसेल तर हे टाकूच नका. गाठ घालून देणारा सर्व्हर कंपनीचा, तो स्वतःचा पाहिजे असेल तर हेडस्केल आहे पण त्याला भाड्याचा सर्व्हर लागतो, मी त्या वाटेला गेलो नाही. आणि अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, ऑफिसचं चालू केलं की हे बंद पडतं. बाबांचा फोन नेमका ऑफिसच्या वेळातच येतो, तेव्हा लॅपटॉप उघडेपर्यंत त्यांना दोन मिनिटं थांबावं लागतं.