दहा मिनिटांत केस कापून मिळणारे ठिकाण: जपानमधील क्यूबी हाऊस

जपानच्या लांबलेल्या प्रवासात केस वाढले आणि जपानी भाषा येत नसेल, तर फार विचार न करता क्यूबी हाऊसमध्ये जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथले काम जपानमधील सर्वोत्तम नाही आणि तसा त्यांचा दावाही नाही. परंतु परक्या मुलखात केस कापून घेताना प्रवाशाची खरी अडचण कौशल्याची नसते, ती बोलण्याची असते. कुठे बसायचे, किती पैसे द्यायचे, आणखी कशाकशाला होकार दिला जात आहे, हे काहीच न कळता मान हलवत राहावे लागते. क्यूबी हाऊसची सारी रचना वेळ वाचवण्यासाठी केलेली आहे. पण तिचा सर्वांत मोठा लाभ, बहुधा अनवधानानेच, भाषा न येणाऱ्या माणसाला मिळतो.

या दुकानांची सुरुवात १९९६ साली टोकियोच्या कांदा भागात झाली. पारंपरिक जपानी केशकर्तनालयात केस कापणे, डोके धुणे, दाढी, गरम टॉवेल आणि खांदे चोळून देणे हे सारे एकाच सेवेचे भाग असतात. त्यात जवळपास तासभर जातो आणि तीन-चार हजार येन सहज खर्च होतात. संस्थापक कुनियोशी कोनिशी यांनी त्यातले केस कापणे तेवढे ठेवले आणि बाकीचे सगळे वगळले. दहा मिनिटे आणि हजार येन, असा तो सरळ हिशेब होता. पुढे दर चढत गेला. २०१९ मध्ये तो १२०० येन झाला, २०२३ मध्ये १३५० येन, आणि त्यानंतरही तो बदलला आहे. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतल्या आकड्यांवर विसंबू नये, दारातल्या यंत्रावर लिहिलेला दर खरा मानावा. वाढलेला दर धरला तरी टोकियोत इतक्या कमी पैशांत नीटनेटके केस कापून मिळणे हा चांगला सौदा आहे.

दुकाने शोधावी लागत नाहीत. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या आवारात, भुयारी मार्गांच्या कडेला आणि खरेदी-संकुलांत ती दिसतात. काही तर फलाटाकडे जाणाऱ्या तिकीट-दारांच्या आतल्या बाजूला आहेत. आधी वेळ ठरवून ठेवण्याची पद्धत नाही, फोन करण्याचा प्रश्नच येत नाही. दुकानाच्या दर्शनी भागावर रस्त्यावरच्या सिग्नलसारखा रंगीत दिवा असतो: हिरवा असेल तर लगेच खुर्ची मिळते, पिवळा असेल तर थोडे थांबावे लागते, आणि लाल असेल तर पाव तासाहून अधिक वेळ हाताशी असला पाहिजे. आत न शिरता, कोणाला न विचारता, रस्त्यावरूनच निर्णय घेता येतो. टोकियोतली बरीचशी जुनी केशकर्तनालये सोमवारी बंद असतात, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ही साखळी त्या दिवशीही चालू असते.

आत शिरल्यावर प्रथम पैसे भरायचे ते यंत्रात. गल्ल्यावर बसलेला माणूस नाही, त्यामुळे पैशांवरून बोलणेही नाही. हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी जवळ ठेवावीत, म्हणजे यंत्राशी झटापट करावी लागत नाही. तिकीट घेऊन ओळीतल्या आसनांवर बसायचे आणि मागून येणाऱ्यांसाठी एकेक आसन पुढे सरकत राहायचे. आपला क्रमांक आला की कारागीर खुणेने बोलावतो. कोट किंवा पिशवी ठेवायला आरशामागेच अरुंद कपाट असते. ही युक्ती मला फार आवडली, कारण केस कापून होईपर्यंत आपले सामान नजरेसमोरच्या आरशामागे बंद राहते आणि प्रवासात पासपोर्टची जी सततची काळजी असते ती तेवढा वेळ मिटते.

बोलण्याचा एकच प्रसंग येतो, तो म्हणजे केस किती कापायचे हे सांगण्याचा. इथे जपानमधली मेट्रिक मापे उपयोगी पडतात. बाजूचे आणि मागचे केस मशिनने कापायचे असतील तर तीन, सहा, नऊ किंवा बारा मिलिमीटर असा आकडा सांगावा. वरचे केस किती सेंटिमीटर कमी करायचे ते अंगठा आणि तर्जनी यांच्यातल्या अंतराने दाखवावे. कान झाकायचे की उघडे ठेवायचे, आणि कल्ले कुठपर्यंत हवेत, हेही बोटाने दाखवता येते. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे स्वतःचेच, मागच्या वेळी केस कापल्यानंतर लगेच काढलेले छायाचित्र फोनमध्ये ठेवणे. एखाद्या नटाचे छायाचित्र दाखवण्यात अर्थ नाही, कारण त्याचे केस वेगळे असतात आणि दहा मिनिटांत त्याचा चेहरा कोणालाही देता येणार नाही. एकूण लांबीबद्दल शंका असेल तर मशिनचा आकडा मोठा सांगावा आणि वरच्या केसांसाठी बोटांतले अंतर कमी दाखवावे. आणखी थोडे कमी करा हे खुणेने सांगता येते. उलटे सांगून उपयोग नसतो.

काम करणारे लोक शिकाऊ नसतात. जपानमध्ये पैसे घेऊन केस कापायला राष्ट्रीय परवाना लागतो आणि तो ठरावीक शिक्षण घेऊन, परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच मिळतो. गंमत अशी की हे परवाने दोन प्रकारचे आहेत: पुरुषांच्या पारंपरिक केशकर्तनालयांसाठीचा कायदा १९४७ चा आणि सौंदर्यसेवेच्या दुकानांसाठीचा १९५७ चा, आणि वस्तरा लावून दाढी करण्याचा पूर्ण अधिकार फक्त पहिल्या प्रकारच्या परवानाधारकाला आहे. क्यूबी हाऊसमध्ये दाढी केलीच जात नाही, त्यामुळे ग्राहकाला या भेदाशी काही देणेघेणे उरत नाही. कारागिराच्या हातचा वेग पाहण्यासारखा असतो, तरी त्यात घाई जाणवत नाही. कंगव्याने केसांची बट उचलायची, कात्री चालवायची, पुढची बट उचलायची, ही लय मध्ये कुठे तुटत नाही. दाट केस विरळ करण्याची दातेरी कात्री तिथे सर्रास वापरतात. ज्यांचे केस मुळातच पातळ आहेत त्यांनी ती हातात घेतलेली दिसताच हाताने नको म्हणावे. केस कुरळे असतील तर त्यांनी मशिनचा साधा आखूड कटच मागावा असे मी सुचवेन, कारण तिथल्या हातांना सवय प्रामुख्याने सरळ, जाड केसांची आहे.

शेवटची दोन मिनिटे या दुकानाची ओळख म्हणावी अशी आहेत. डोके धुण्याऐवजी वरून खाली येणारी एक नळी कारागीर हातात घेतो आणि तिच्या टोकाने कापलेले केस ओढून घेतो. नळीचे तोंड टाळूवरून, कानांमागून आणि मानेवरून सरकत जाते, केस क्षणभर ताठ उभे राहतात, आणि गळ्याभोवती लावलेल्या कागदी पट्टीशी अडकलेले बारीक तुकडेही त्यात खेचले जातात. पहिल्यांदा थोडे विचित्र वाटते, नंतर मजा वाटते. पाणी मात्र अजिबात नाही. याच मुद्द्यावरून जपानमध्ये वादही झाला: पारंपरिक केशकर्तनकारांच्या संघटनांच्या आग्रहामुळे अनेक प्रांतांनी केस धुण्याची सोय असणे दुकानांना बंधनकारक केले. कारण स्वच्छतेचे सांगितले गेले, पण स्वस्त दुकानांना अडवण्याचाच तो मार्ग होता, अशी टीकाही झाली, आणि मला ती रास्त वाटते.

नळी कितीही कसून फिरवली तरी अगदी बारीक केस कॉलरच्या आत राहतातच, आणि हे गृहीत धरूनच तिथे जावे. म्हणून सकाळी प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघण्यापूर्वी केस कापून घेण्यापेक्षा संध्याकाळी कापावेत, आणि तिथून थेट मुक्कामी जाऊन आंघोळ करावी. त्याहून चांगले म्हणजे जवळचे सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह गाठावे. टोकियोत २०२४ पासून त्याचा दर प्रौढांसाठी ५५० येन आहे, अनेक ठिकाणी साबण आणि शाम्पू तिथेच ठेवलेले असतात, आणि कुंडात उतरण्यापूर्वी अंग व डोके स्वच्छ धुण्याचा नियमच असल्याने उरलेसुरले केस आपोआप निघून जातात. दोन्हींची बेरीज केली तरी ती पारंपरिक केशकर्तनालयातल्या पूर्ण सेवेपेक्षा बरीच कमी भरते.

ज्यांना दाढी, गरम टॉवेल आणि निवांतपणा हवा असेल त्यांनी लाल-निळा-पांढरा फिरता खांब असलेले जुने दुकान शोधावे. तो अनुभव वेगळा आणि पैसे मोजण्याजोगा आहे. केस रंगवणे किंवा नव्या तऱ्हेची केशरचना करून घेणे यांसाठीही क्यूबी हाऊस नाही. स्त्रियांचे केस तिथे त्याच दरात कापले जातात, परंतु टोके सारखी करण्यापलीकडची अपेक्षा दहा मिनिटांत ठेवणे योग्य नाही. सिंगापूर, हाँगकाँग, तैवान आणि न्यूयॉर्क इथेही या साखळीची दुकाने निघाली आहेत. जपानमध्ये बक्षिसी देण्याची पद्धत नाही, तेव्हा काम झाल्यावर हलकेच मान लववून बाहेर पडावे. शनिवार-रविवारी आणि कार्यालये सुटण्याच्या वेळी लाल दिवाच अधिक दिसतो, म्हणून जाण्यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवसाची दुपार टळून गेल्यानंतरची वेळ धरावी.