७१८ केमन घ्यायची ठरलीय, पण कुठल्या स्प्रिंगवाली?

एक मित्र सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन बघतोय आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन, बेस (सगळ्यात साधं मॉडेल) घेऊ का त्याच्या वरची एस घेऊ, थोडे जास्त घातले तर सहा सिलिंडरवाली जीटीएस ४.० पण मिळतीय. सगळी चर्चा पॉवरची, ३०० हॉर्सपॉवर का ३५० का ४००. मी त्याला म्हटलं, भावा ती पॉवर तू महिन्यातनं दोनदा वापरणार, पण स्प्रिंग तुला कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकापासनं घरापर्यंत रोज वापरायचीय, ती आधी ठरव. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण पेट्रोल केमनचं उत्पादन २०२५ ला थांबलंय, आता बहुतेक वापरलेलीच गाडी मिळणार म्हणजे पहिल्या मालकानं जे सस्पेन्शन निवडलं तेच आपल्या गळ्यात.

कंपनीतनं चार प्रकार येतात असं धरा. पहिलं साधं स्टीलचं सस्पेन्शन, बेस आणि एस ला हेच स्टँडर्ड. दुसरं पीएएसएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉकअप, त्यात गाडी १० मिमी खाली बसते. तिसरं पीएएसएम स्पोर्ट, २० मिमी खाली, हे ७१८ मध्ये एस पासनं पुढं मिळायला लागलं आणि जीटीएस ४.० ला स्टँडर्डच आहे. चौथी जीटी४, ती ३० मिमी खाली, पुढची चाकं ज्यावर बसतात ती सगळी रचना पोर्शेच्याच ९११ जीटी३ च्या धर्तीवरची, आणि ट्रॅकसाठी उंची, कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल), अँटी रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) हातानं ॲडजस्ट करता येतात.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं पीएएसएमचं बटण दाबलं की स्प्रिंग कडक होते आणि परत दाबलं की मऊ. तसं काही होत नाही. बटणानं फक्त शॉकअपमधल्या तेलाची वाट लहानमोठी होते, म्हणजे स्प्रिंग किती वेगानं दबणार आणि सुटणार तेवढं बदलतं. स्प्रिंग ती तीच, कारखान्यातनं आली तशी. त्यामुळं २० मिमीवाल्या गाडीत नॉर्मल मोड लावला म्हणजे ती बेससारखी चालंल या आशेवर कुणी पैसे देऊ नका.

स्प्रिंगचं गणित इथल्या उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर काम केलेल्या माणसाला लगेच कळंल. तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं कडकपणा वाढतो, म्हणजे १२ मिमीची तार १३ ची केली की बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक. वेटोळी कमी केली तरी कडक होते, सहा चालू (म्हणजे खरंच दबणाऱ्या) वेटोळ्यांतलं एक काढलं की २० टक्के. कडक म्हणजे काय ते असं बघा, चाकापाशी ३० न्यूटन पर मिमी (म्हणजे १ मिमी दाबायला साधारण ३ किलोचा जोर) असंल तर १ सेमीच्या उंचवट्याला साधारण ३० किलोचा जादा धक्का बॉडीला बसतो, ४५ असंल तर ४५ किलोचा. (हे आकडे समजायला घेतलेत, केमनचे नाहीत.) आणि गाडी खाली आणली की चाकाला वर यायला जागा कमी उरते, मग स्प्रिंग कडक करावीच लागते नाहीतर प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला, आदळणार. म्हणूनच बेस घेऊन आपल्याकडं कुणाकडनं तरी स्प्रिंग कापून गाडी खाली करू म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे, कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीच्या वाटीत नीट बसत नाही, शॉकअप त्या कडकपणासाठी बनलेला नसतो, आणि घाटात वळणावर हे कळणं लई महागात जाईल.

अजून एक स्प्रिंग कुणी मोजत नाही, टायर. बेसला १८ इंची चाक, पुढचा टायर २३५/४५, म्हणजे २३५ मिमी रुंदीच्या ४५ टक्के, रबराची उंची १०६ मिमी. जीटीएसला २० इंची, २३५/३५, तीच उंची ८२ मिमी. २४ मिमी रबर कमी आणि वर स्प्रिंग पण कडक. हायवेच्या डायव्हर्जनमधनं रात्री येताना एक खोल खड्डा लागला की रिम वाकायची भीती कुठल्या गाडीत जास्त ते सांगायला नको.

घाटाचं म्हणाल तर लोक म्हणतात कडक गाडीच घाटात भारी. गुळगुळीत रस्त्यावर हो, २० मिमीवाली वळणात अंग टाकत नाही, स्टीअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, तो आनंद खराच आहे. पण गगनबावड्याकडं जाताना पावसाळ्यानंतरचा रस्ता आठवा, ठिगळं, कडा तुटलेल्या, मधेच ओल. तिथं मऊ स्प्रिंग टायरला रस्त्याला धरून ठेवते, कडक स्प्रिंग त्याला उडवते, आणि उडालेल्या टायरला ग्रिप नसते. राधानगरीवरनं फोंडा घाट उतरताना पण तेच.

त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे. कोल्हापुरात ठेवून वापरायची असंल तर एस, पीएएसएम १० मिमीवाली आणि १९ इंची चाकं. आईवडिलांना पण बसवायचंय, गल्लीत उंच स्पीडब्रेकर आहेत, तर साधं सस्पेन्शन असलेली बेस १८ इंची चाकावर, तिला लोक उगाच कमी लेखतात. जीटीएस ४.० चं इंजिन माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं, पण मुख्यतः त्या सहा सिलिंडरसाठी घ्या आणि स्पीडब्रेकर तिरका चढायची सवय लावून घ्या. जीटी४ फक्त चेन्नई नाहीतर कोइम्बतूरच्या ट्रॅकवर खरंच जाणाऱ्यानं घ्यावी.

बघायला जाल तेव्हा गिअरजवळ शॉकअपचं चित्र असलेलं बटण शोधा, ते असंल तर पीएएसएम आहे. पण १० का २० ते बटणावरनं कळत नाही, चासी नंबर देऊन डीलरकडनं मूळ ऑप्शनची यादी काढून घ्या. चारी स्प्रिंगांवर रंगाच्या खुणा असतात, डावी उजवी जुळते का बघा, नाही जुळली तर कुणीतरी आधी हात घातलाय. आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेला नको, गगनबावडा रोडला बालिंग्यावरनं कळ्यापर्यंत जाऊन या, शेजारी घरचं माणूस बसवून, आणि परत आल्यावर त्याला विचारा.