सीस्टार एस५० : सोलापूरच्या गच्चीवर किती कामाची?

माळ्यावर टाकलेला आकाशनिरीक्षणाचा छंद निवृत्तीनंतर खाली काढायचा, तर पहिली अडचण वजनाची. ६ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि तिचं माउंट (फिरता आधार) जिन्याने वर न्यायचं म्हणजे गुडघ्यांशी भांडण. सीस्टार एस५० भरते अडीच किलो. दुर्बीण, कॅमेरा, मोटर, फिल्टर, बॅटरी सगळं एकाच डब्यात. मात्र डोळा लावायला आयपीस नाही, दिसेल ते मोबाइलवर. हे चालणार नसेल तर पुढचं वाचू नका.

ग्रहांसाठीही घेऊ नका. भिंग ५० मिमी, फोकल लेंग्थ २५० मिमी, म्हणजे एका पिक्सेलला साधारण २.४ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). त्या हिशेबाने शनी कड्यांसकट जेमतेम १८ पिक्सेल रुंद. नातवंडांना कडी दाखवायचं कबूल केलं असेल, तर जुनी न्यूटोनियन भंगारात घालू नका.

तेजोमेघ आणि तारकागुच्छ ही हिची खरी कामं. १०-१० सेकंदांच्या फ्रेम ती एकावर एक रचत जाते. तासाला ३६०, त्यातल्या काही गळतात. किती गळतील हे तुम्ही आकाशाचा कुठला भाग धरता त्यावर. ही अल्ट-अॅझ पद्धतीने, म्हणजे वर-खाली आणि आडवी फिरते, त्यामुळे चित्र हळूहळू गरगरतं. उत्तरेला किंवा दक्षिणेला ८० अंश उंचीवर हा वेग तासाला ८० अंशांच्या घरात जातो आणि कोपऱ्यातले तारे १० सेकंदांतच चार-साडेचार पिक्सेल ओढले जातात. ४५ अंशांवर तोच वेग २० वर येतो, अगदी पूर्वेला-पश्चिमेला जवळपास शून्य. सोलापूरहून कृत्तिका डोक्यावरून, खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) साडेसहा अंशांवरून जातात. त्या माथ्यावर येण्याच्या दोन तास आधी किंवा नंतर धरा. आणि तेव्हा ड्युअल-बँड फिल्टर (तेजोमेघातल्या वायूंचे दोनच रंगपट्टे सोडणारा) काढा. कृत्तिकांभोवतीची निळाई परावर्तित प्रकाशाची. फिल्टर तीच खातो. मृगातल्या एम४२ या तेजोमेघाला मात्र तो लावाच, रस्त्यावरच्या एलईडीचा बराचसा उजेड अडतो.

ईक्यू मोडमध्ये, म्हणजे यंत्राचा अक्ष ध्रुवाकडे कलवला की, हे गरगरणं थांबतं, पण आपल्याकडे त्यात मेख आहे. अक्षांश १७.७, म्हणून यंत्र उत्तरेकडे जवळजवळ आडवं करावं लागतं. भार तिवईच्या बाहेर लोंबतो. तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवा, मागच्या दोन पायांच्या मध्ये वाळूची पिशवी अडकवा; नाहीतर वाऱ्याच्या एका झोताने पन्नास मिमीचं भिंग फरशीवर. ध्रुवतारा शेजारच्या पाण्याच्या टाकीआड असला तरी बिघडत नाही, अॅप इतर ताऱ्यांवरून अक्ष जुळवतं.

होकायंत्र जुळवताना लोखंडी कठड्यापासून आणि डिशच्या खांबापासून लांब उभे राहा. सळई जवळ असली की दिशा चुकते.

सेन्सरला कूलिंग नाही. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये उमटणारा खोटा सिग्नल) दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊन ओकतो, म्हणून अकरानंतर बसलेलं बरं. हंगाम खरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोरड्या थंडीत दवाचा हीटर बंद ठेवा, बॅटरी जास्त टिकते, ऑक्टोबरात लागतो. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या बाजूचं आकाश सोडून द्या.

जागेचं म्हणाल, तर जुळे सोलापुरात शहराचा उजेड उत्तरेला पडतो आणि दक्षिण मोकळी राहते. अंधाराच्या शोधात हिप्परग्याकडे गेलात, तर उलट शहर नेमकं दक्षिणेला येतं. ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छासाठी हे महत्त्वाचं. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास हा गुच्छ ठीक दक्षिणेला, फक्त २५ अंशांवर असतो. फिल्टर नको, १० सेकंदांच्या फ्रेम, १५ मिनिटं. चौकटीच्या आखूड बाजूतही तो पुरा मावतो.