काळ्या रंगाखालची काठी

३८० डॉलर मोजून मी मासेमारीचा एक रॉड मुद्दाम बनवून घेतला, आणि तो निघाला दुकानातून आणून, सोलून, पुन्हा रंगवलेला. हे लिहायला मला पाच महिने लागले, कारण बायकोला खरी किंमत सांगितली नव्हती. परवा सांगितली. आता कुणालाही सांगायला हरकत नाही.

मी नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला राहतो. इथून जवळच लेक नॉर्मन आहे. कटॉबा नदीवर काउअन्स फोर्डचं धरण बांधल्यावर १९६०च्या दशकात हा जलाशय भरला. त्याचा किनारा सुमारे ५२० मैलांचा, आणि बऱ्याच ठिकाणी घराला लागून घर अन् घरटी एक डॉक, म्हणजे पाण्यावरचा फळ्यांचा धक्का. उन्हाळ्यात ऊन चढलं की बास मासा या डॉकच्या फळ्यांखाली सावलीला जाऊन बसतो. फळी आणि पाणी यांत कधी हातभर अंतर, कधी वीतभर. वरून ल्यूर (गळ लावलेलं खोटं आमिष) फेकून तिथे काही पोचत नाही. तो पाण्यावरून टप्पे घेत आत सरकवावा लागतो. लहानपणी आपण चपटा दगड भिरकावून भाकऱ्या काढायचो, तोच प्रकार. रेवदंड्याच्या खाडीत मी सात-सात भाकऱ्या काढलेल्या आहेत, त्यामुळे हे आपल्याला जमणारच असा माझा समज होता. दगड चुकला तर बुडतो, संपलं. इथे चुकलं की रीलवर दोऱ्याचा असा गुंता होतो की अर्धा तास नखांनी उकलत बसा.

या कामाला रॉड जरा वेगळा लागतो. हात खाली ठेवून आडवा झटका द्यायचा असतो, म्हणून लांबी सात फुटांच्या आत बरी, नाहीतर टोक पाण्यावर आपटतं. मागचं हँडल आखूड हवं, म्हणजे झटका देताना ते कोपराला अडकत नाही. टोक मऊ, कारण ते वाकून सुटतं तेव्हाच ल्यूर भिरकावला जातो. आणि बुडखा ताठ, म्हणजे मासा खांबाला वेढा घालायच्या आत त्याला बाहेर ओढता येतं. असे रॉड दुकानात मिळतात. पण मला हँडल माझ्या हाताच्या मापाचं हवं होतं, आणि खरं सांगायचं तर गाइड (गळाचा दोरा ओवायच्या कड्या) काठीला बांधायचा दोरा भगवा हवा होता. हौस.

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एका मित्राने या बनवणाऱ्याचं नाव सांगितलं. त्याने स्वतः त्याच्याकडून एक रॉड घेतला होता. फोनवर माणूस अतिशय गोड बोलला. फोटो पाठवले, ते इतके सुंदर की मी झूम करून दोऱ्याचे वेढे मोजत बसलो. (ते फोटो त्याच्या कामाचे नव्हतेच, हे नंतर कळलं. तेच फोटो दुसऱ्याच एका कारागिराच्या नावावर सापडले.) निम्मे पैसे आगाऊ, झेलने. झेल म्हणजे आपल्या यूपीआयसारखं: दोन सेकंदांत पैसे जातात, आणि आपणच पाठवलेले असल्यामुळे बँक हात वर करते.

आता मागे वळून पाहिलं की एक गोष्ट फार खटकते. त्याने मला काहीच विचारलं नाही. रील कोणतं, दोरा किती पौंडी, जिग (वजनदार डोक्याचा ल्यूर) किती औंसाची, उजव्या हाताने टाकता की डाव्या, उंची किती, काही नाही. फक्त रंग विचारला. शिंपी माप न घेता कापडाचा रंग विचारतो तेव्हाच उठून यायला हवं होतं.

सहा आठवड्यांचे चार महिने झाले. आधी ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ उघडी काठी, कंपनीकडे संपला होता, मग दोऱ्याच्या वेढ्यांवर द्यायचं इपॉक्सीचं लेपण नीट सुकत नव्हतं, मग त्याच्या हाताचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन म्हटल्यावर मीच त्याला ‘काळजी घ्या’ असं लिहिलं. उरलेले १९० मी क्रेडिट कार्डाने दिले, तेही पॉइंट मिळतात म्हणून. शहाणपणा वगैरे काही नव्हता.

रॉड आला तेव्हा मी खूश होतो. काळाकुळीत, चकचकीत, भगवे वेढे. शनिवारी पहाटे तळ्यावर गेलो आणि पहिल्या वीस फेकींत एकही जिग फळीखाली गेली नाही. टोक वाकतच नव्हतं. मनगट झटकलं की काठी सरळच्या सरळ फिरायची आणि जिग पाण्यावर थाडकन आपटून बुडायची. दोष माझाच असणार असं धरून मी तीन शनिवार घासले. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. तो निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये हौसेने रॉड बांधतो.

त्याने आधी हँडल दाबलं. ते किंचित दबलं. वर जाळीदार नक्षीची, उष्णतेने आकसणारी नळी चढवलेली होती, आणि खाली कारखान्याचा जुना फोम तसाच. माझ्या हाताचं माप ते हेच. मग त्याने दिवा मालवला, टॉर्च काठीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला आणि काठी हळूहळू फिरवली. काळ्या रंगाखाली ठरावीक अंतरावर अगदी बारीक उंचवटे दिसायला लागले. जुने गाइड जिथे बांधलेले होते तिथले इपॉक्सीचे कडे. नीट खरवडलेही नव्हते. नवे गाइड त्यांच्यापासून दोन-तीन बोटं इकडेतिकडे सरकवलेले. फडक्यावर स्पिरिट घेऊन त्याने हँडलच्या वर चोळलं, तसा रंग सुटला आणि खालून पांढरी अक्षरं आली. अर्धवट नाव, आणि शेजारी लांबी: सात फूट तीन इंच.

माझा रॉड सहा फूट दहा इंचांचा. उरलेले पाच इंच गेले कुठे? टोकाकडून कापले. ब्लँक ही निमुळती पोकळ नळी असते आणि सगळा मऊपणा त्या शेवटच्या बारीक भागात. तोच छाटला की राहतो तो दांडा. टोकाच्या कडीची नळी म्हणूनच इतकी जाड होती. तिचं माप इंचाच्या ६४व्या भागात धरतात, आणि म्हाताऱ्याने ती नुसती पाहून मान हलवली होती. मी ज्या एका गोष्टीसाठी पैसे मोजले, नेमकी तीच त्याने करवतीने काढून टाकली होती.

कार्डाच्या बँकेने टॉर्चच्या उजेडातले फोटो, स्पिरिटनंतरची अक्षरं आणि ‘नवा कोरा ब्लँक’ असं लिहिलेले त्याचे मेसेज मागवून घेतले. काही आठवड्यांनी १९० परत आले. झेलचे १९० गेले ते गेलेच. पत्ता म्हणून दिला होता ती भाड्याची टपालपेटी निघाली, तेव्हा छोट्या दाव्यांच्या कोर्टाचा समन्स बजावायचा तरी कुठे? राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात तक्रार केली आहे.

म्हातारा स्वतः कसं काम करतो तेही पाहिलं. उघडा ब्लँक, त्यावरचा कंपनीचा छापील मॉडेल नंबर, आणि शेजारी गिऱ्हाइकाचं नाव अन् तारीख लिहिलेला कागद, असा फोटो तो गुंडाळी सुरू करायच्या आधी पाठवतो. गाइड नुसते टेपने चिकटवून, दोरा ओवून, काठी वाकवून दुसरा फोटो. दोरा काठीच्या कमानीबरोबर चालतो की नाही ते त्यात दिसतं. मागा असे फोटो. रंगवून टाकलेला ब्लँक असेल तर रंगवण्याआधीचा मागा. ‘धंद्यातलं गुपित’ म्हणून कुणी नाही म्हणालं तर गुपित काय असतं ते वर लिहिलंच आहे. आणि आगाऊ रक्कम कार्डानेच द्या, कार्डाचं जादा शुल्क तुमच्या माथी मारलं तरी.

त्या मित्राला मी सगळं सांगितलं. म्हटलं, टॉर्च आणि स्पिरिट घेऊन येतो, तुझाही बघू. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “राहू दे रे. मला मासे लागतायत.”