मीटर बघून डीएचा बाटला घेतला आणि फसलो

विट्याजवळ आमची शेती आहे. नांगराचा फाळ वाकला, ट्रॉलीचा अँगल फाटला की फॅब्रिकेशनवाल्याकडे पळायचं आणि तो म्हणणार, ‘उद्या या’. या ‘उद्या’ला कंटाळून मे महिन्यात ठरवलं, की गोठ्याशेजारच्या शेडात आपलाच गॅस कटिंगचा सेट ठेवायचा. काम दोनच प्रकारचं, कापायचं आणि तापवायचं. जोडायला आर्कचं मशिन घरात होतंच.

गॅस कुठला घ्यावा एवढंच ठरत नव्हतं. ते जुन्या सामानाच्या एका दुकानदारानं दोन मिनिटांत ठरवून टाकलं. “मालक, डीएच घ्या. एलपीजीला कुठली आलीय तेवढी आच?”

डीए म्हणजे ॲसिटिलीन. आच जास्त हे खोटं नाही. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत 3100 अंशांच्या घरात जाते, एलपीजीची 2800च्या आसपास. पण कापताना लोखंड कापतो तो ऑक्सिजन. गॅसनं ते 900 अंशांच्या आसपास, लालभडक करून द्यायचं. पुढं ऑक्सिजनच्या झोतात लोखंड आपलं आपण जळत जातं. तेवढ्याला एलपीजी पुरून उरतो. सुरुवातीला तापायला जरा वेळ घेतो, ऑक्सिजनही जास्त खातो, पण माझ्या कामाला चाललं असतं. हे मला नंतर कळलं.

जुना सेट 14 हजारांना ठरला : किरमिजी रंगाचा डीएचा बाटला, दोन रेग्युलेटर, कटर, होज. ऑक्सिजनचा बाटला मी दुसरीकडून भाड्यानं आणणार होतो. “बाटला मालकीचा आहे, भाड्याची कटकट नाही. आणि भरलेला आहे, हे बघा.” त्यानं चावी फिरवली, मीटरचा काटा 15वर. भरल्या डीएचं प्रेशर 15 असतं, हे मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. खूश झालो.

पण ते 15 प्रेशर असतं 15 अंश तापमानाला. हा बाटला सकाळपासून पत्र्यापुढं उन्हात उभा होता. ऑक्सिजन नुसता दाबून भरलेला असतो, त्यामुळं काटा निम्म्यावर म्हणजे गॅस निम्मा. डीएच्या बाटल्यात मात्र सच्छिद्र भुसभुशीत माल ठासलेला असतो, तो ॲसिटोननं भिजवलेला, आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवलेला. ऊन लागलं की गॅस वर येतो आणि अर्धामुर्धा बाटलाही मीटरवर भरल्याचं सोंग आणतो. डीए किती आहे ते बाटला वजनकाट्यावर ठेवूनच कळतं. वजनकाटा त्याच्या दुकानातच होता, भंगार मोजायला. मी विचारलं नाही.

वर त्यानं बाटला पिकअपमध्ये आडवा टाकला. डीए आडवा नेला तर ॲसिटोन तोंडाशी येतो. आणलाच तर काही तास उभा ठेवून मगच वापरायचा. मी घरी पोचल्या पोचल्या जोडला.

फाळ तापवायला घेतला. दहा मिनिटं बरी गेली. मग ज्योत पिवळट होऊन फडफडायला लागली, नोझलमधून फट्ट फट्ट आवाज, आणि होज सोडला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. बाटल्यातल्या गॅसच्या सातव्या भागापेक्षा जास्त तासाभरात ओढायचा नसतो, नाहीतर गॅसबरोबर ॲसिटोन निघतो. तापवायचं मोठं नोझल आणि तळाला गेलेला बाटला, दुसरं काय होणार? होजला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी आत शिरू न देणारी झडप, तीही नव्हती. त्या रात्री झोप आली नाही.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “मग घरचा लाल सिलिंडर लावा की, कटर तोच चालतो.” कटरला चालेलही, पण नोझल डीएचं एकसंध तांब्याचं होतं. एलपीजीला दोन तुकड्यांचं वेगळं लागतं, नाहीतर ज्योत तोंडावर टिकत नाही. आणि स्वयंपाकाचा 14.2 किलोचा सिलिंडर असल्या कामाला लावणं बेकायदा आहे. त्यातून एलपीजी हवेपेक्षा जड, आमच्या शेडात ट्रॅक्टरखाली उतरायचा खड्डा. गळाला तर तिथंच साचणार.

बाटला भरून आणायला गेलो, तर प्लँटवरच्या मामांनी मानेवरचे ठसे हातानं पुसून वाचले. नाव दुसऱ्याच गॅस कंपनीचं, तपासणीची मुदत केव्हाच संपलेली. “हा तुमचा नाही, कुणाचा तरी भाड्याचा उचललेला. आम्ही भरणार नाही.” मग त्यांनी काट्यावर चढवला. कोरलेलं रिकामं वजन, आतल्या ॲसिटोनसकट, 58.4 किलो, काटा म्हणाला 57.6. मामा हसले, “ॲसिटोनसुद्धा खाल्लाय कुणीतरी.”

दुकानदार म्हणतो, विकलेला माल परत नाही. बाटला ज्या कंपनीचा होता तिथं नेऊन दिला. त्यांनी ‘एक नग जमा’ अशी पावती दिली, पैसे नाहीत. आता 19 किलोचा कमर्शियल एलपीजी घेतलाय, एलपीजीचं नोझल, नवे होज आणि दोन्ही बाजूंना अरेस्टर. खड्डा मुरमानं बुजवला. फाळ अजून वाकडाच आहे, पाऊस उघडला की घेतो.